आमच्या जावाची किंमत

बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. पुण्याच्या पुतणीने फोन करून विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. गेले तीन महिने एक गणित सोडवत होतो. मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर, गणिताशी माझं कधी पटलं नाही, आणि हे गणित तर पुस्तकातल्या कुठल्याच रीतीने सुटेना.

आमच्याकडे जावा मोटरसायकल आहे हे तुम्हाला माहीत आहेच. 1970 ची, 250 सीसी, मैसूरच्या कारखान्यातली. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर. जो दांडा किकचा तोच गिअरचा. सहा व्होल्टची बॅटरी, म्हणजे रात्री दिव्याने रस्ता दिसतो म्हणण्यापेक्षा आपण येतोय हे समोरच्याला कळतं एवढंच. टाकीला मरून रंग आणि दोन्ही बाजूंना क्रोम. नव्या पिढीसाठी सांगतो, जावा हे नाव मूळचं चेक. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी 1929 साली वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचे हक्क घेतले, त्या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’. आपल्याकडे मैसूरला आयडियल जावाचा कारखाना 1961 मध्ये सुरू झाला. 1973 पासून त्याच गाड्या येझदी नावाने येऊ लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 साली जावा नावाच्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या, पण त्या वेगळ्या. त्यांना किक मारावी लागत नाही.

ही गाडी मी 1978 साली एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. ‘मी’ घेतली असं इतकी वर्षं म्हणत आलो. खरं म्हणजे आम्ही दोघा भावांनी घेतली. माझी त्या वेळची वही अजून आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय: जावा, 2,800. मी 1,400, धाकटा 1,400. धाकटा तेव्हा नुकताच पाटबंधारे खात्यात लागला होता. माझी शाळा हातखंब्याच्या पलीकडच्या गावात, एसटी चुकली की पहिला तास बुडायचा. म्हणून गाडी माझ्याकडे राहिली. पुढे त्याची बदली झाली, चिपळूणला घर झालं, आणि गाडी इथेच राहून गेली. आरसी बुकावर नाव माझं एकट्याचं. त्याने कधी विषय काढला नाही. आला की एक चक्कर मारायचा, मारुती मंदिरापर्यंत जाऊन परत, आणि म्हणायचा, "दादा, चेन बघून घे."

धाकटा गेल्या वर्षी, 2024 च्या भाद्रपदात गेला. वर्षश्राद्धाला चिपळूणला गेलो होतो. परत येताना एसटीत मला ती वही आठवली. अर्धी गाडी त्याची होती, म्हणजे आता ती माझ्या धाकट्या भावजयीची. 22 जुलै 2021 च्या पुरात तिच्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला होता. फरशी आणि वायरिंग अजून अर्धवटच आहे, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं होतं. ती मागणार नाही. पण मला देणं आहे.

किती, हा प्रश्न.

गाडी विकून पैसे अर्धे करावेत, हा सरळ मार्ग. पण मला ती विकायची नव्हती. वय 74, उजवा गुडघा किक मारू देत नाही (किक डाव्या बाजूला आहे, पण गाडीवर उभं राहून किक मारायला दोन्ही गुडघे लागतात). आमची सौ. म्हणते की पडवीतली जागा तरी मोकळी होईल. सगळं मान्य. तरी विकायची नव्हती. म्हणजे किंमत ठरवणारा मी आणि त्या किमतीला घेणाराही मीच. परीक्षेला बसलेल्यानेच पेपर तपासावा तसं. म्हणून ठरवलं की आपण आकडा काढायचा नाही, दुसऱ्यांकडून काढून घ्यायचा.

सुरुवात घरातूनच केली. आमचे साडू बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. "घसारा वर्षाला 15 टक्के, उरलेल्या किमतीवर. 2,800 ला घेतली, 47 वर्षं झाली..." आणि आकडा आला 1 रुपया 35 पैसे. हसून झाल्यावर म्हणाले, आता उलट करू. तेच 2,800 बँकेत ठेवले असते तर? 7 टक्के धरले तर 67 हजार, 8 टक्के धरले तर 1 लाख 4 हजार. एका टक्क्याने 37 हजारांचा फरक! मी म्हटलं, तुमची बँक सांभाळा. एवढं खरं की कागदावरचं व्याज आणि घसारा यांतून जुन्या गाडीची किंमत निघत नाही.

विमा एजंटकडे विचारलं. तिथे नवीन ज्ञान मिळालं. विम्यासाठी गाडीची किंमत धरतात तिचं कोष्टक ठरलेलं आहे. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के कमी, पाच वर्षांपर्यंत वाढत वाढत 50 टक्के कमी. पाच वर्षांच्या पुढे कोष्टक संपतं, आणि कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायचं. आपसात! मला नेमकं तेच टाळायचं होतं.

भंगारवाला गल्लीतून जात होता, त्यालाही हाक मारली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि तीस रुपये किलो म्हणाला. गाडीचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास, म्हणजे चार हजारांच्या आत. सौ. आतून म्हणाली, "त्याला चहा तरी विचारा, एवढा वेळ उभा केलात." घेतला त्याने चहा.

मग नातवाने फोनवर जाहिराती काढून दिल्या. 45 हजारांपासून पावणेतीन लाखांपर्यंत जावा विकायला होत्या. मी दोन दिवस त्याच बघत बसलो. पण आपण रत्नागिरीची माणसं, आंब्याच्या भावातलं आपल्याला कळतं. हंगामातल्या पहिल्या पेटीचा भाव पेपरात छापून येतो, फोटोसकट. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पेटी कितीला गेली ते कोणी छापत नाही. तसंच हे. जाहिरातीत असतो तो मागितलेला भाव. त्यातली पावणेतीन लाखांची गाडी आठवडे उलटले तरी तिथेच होती. 60 हजारांची एक दोन दिवसांत दिसेनाशी झाली, ती कितीला गेली कोण सांगणार?

शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आता गॅरेज मुलगा बघतो, ते खुर्चीवर बसून असतात. त्यांनी जे सांगितलं ते मी घरी आल्यावर लिहून काढलं, कारण एवढं नीट मला कोणीच समजावलं नव्हतं. ते म्हणाले, "गुरुजी, जुन्या गाडीची किंमत चकचकीतपणावर नसते. नवीन रंग मारलेली गाडी बघितली की जाणकार आधी घाबरतो, खाली काय लपवलंय म्हणून. मूळचं किती शिल्लक आहे ते बघतात." मग बोटं मोजत गेले. टाकी मूळची का? हेडलाइटच्या घरातला स्पीडोमीटर चालू का? कार्बोरेटर तोच का दुसरा बसवलाय? दोन्ही सायलेन्सर कंपनीचे का बाजारचे? चेनचं पूर्ण झाकण आहे का? (ते पुष्कळांनी काढून टाकलेलं असतं, आमचं आहे.) चाकं 16 इंची, त्यांच्या तारा गंजल्यात का? आपल्याकडची खारी हवा क्रोमला खाते, मडगार्ड खालून सडतं. पुण्या-सोलापूरकडच्या गाडीला हा त्रास कमी. "तुमची गाडी कोकणात राहून एवढी टिकली, कारण तुम्ही पावसाळ्याआधी दर वर्षी ऑइलचा बोळा फिरवलात." हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आणि कागद," ते म्हणाले. "कागद मेले तर गाडी शोभेची." आमचे कागद जिवंत आहेत. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेतली, पर्यावरण कर भरला, आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लावून घेतली. 2021 साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले तेही त्यांच्या मुलाला माहीत होते. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणीची फी 20 हजार. पण मग ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आणि गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल नको.

इथे मिस्त्री माझ्याकडे बघून गप्प बसले. मला तेव्हा कळलं नाही.

त्यांनीच कोल्हापूरच्या एका मुलाचा फोन दिला. तो जुन्या जावा-येझदी घेतो आणि हौसेने ठेवतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो, तेव्हा ही मंडळी गाड्या घेऊन बाहेर पडतात. त्याला मी आधीच सांगितलं की बाबा, मला विकायची नाही, फक्त खरी किंमत सांग. तरी तो आंबा घाट उतरून आला. तिशीचा असेल. आला तो नमस्कार करून सरळ गाडीपाशी गेला. खिशातून लोहचुंबक काढला आणि टाकीवरून, मडगार्डवरून फिरवला. जिथे पुट्टी भरून रंग मारलेला असतो तिथे चुंबक चिकटत नाही म्हणे. आमच्या टाकीला सगळीकडे चिकटला. मी परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापासारखा उभा होतो.

अर्ध्या तासाने तो म्हणाला, "सर, 1 लाख 15 हजार. आत्ता द्यायला तयार आहे." आणि मग टॉर्च लावून आरसी बुकातला नंबर इंजिनावर ताडून बघायला बसला. उठला तेव्हा चेहरा उतरला होता. "सर, हे इंजिन मागाहूनचं आहे."

मग मला 1988 चा मे महिना आठवला. गाडी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावं लागतं. त्या दिवशी लग्नाला जायची घाई. मी पेट्रोल भरलं आणि ऑइल घालायला विसरलो. निवळीच्या चढावर पिस्टन जाम झाला, कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाची केस फुटली. चूक शंभर टक्के माझी. धाकटा चिपळूणहून टेंपो घेऊन आला, एक शब्द बोलला नाही, फक्त म्हणाला, "होतं असं." त्यानेच कुठून तरी जुनं इंजिन मिळवलं, 2,600 रुपयांना. मी हजार दिले, बाकीचं नंतर बघू म्हणालो. आरसी बुकाच्या मागच्या पानावर इंजिन बदलल्याची रीतसर नोंद आहे. ती नोंद मीच करून घेतली आणि मीच विसरलो.

मुलाने ती नोंद बघितली. म्हणाला, "कागद स्वच्छ आहे म्हणून 75. नाहीतर मी एवढेही म्हटले नसते. चालवायला गाडी उत्तम आहे, पण मूळ इंजिन गेलं की संग्राहक हात आखडतो." 40 हजारांचा फरक एका नंबराने पडला. मी त्याला जेवायला थांबवलं, तो आमसुलं घेऊन गेला.

आता जे सांगतो ते लिहावं की नाही यावर चार दिवस घालवले. 75 हजार हा आकडा ऐकल्यावर मला आत कुठेतरी आनंद झाला. म्हणजे अर्धे साडेसदतीस हजार. साडेसत्तावन्न नाहीत. रात्री पडल्या पडल्या मागचं सगळं आठवून बघितलं, तर किंमत कमी सांगणारा प्रत्येक जण मला शहाणा वाटला होता. घसाऱ्यावर मी हसलो, पण तो आवडला होता. भंगारवाल्याला चहा पाजला. पावणेतीन लाखांच्या जाहिरातीला मी आंब्याच्या पेटीचं उदाहरण दिलं. उदाहरण बरोबरच आहे, पण ते मला इतक्या पटकन सुचलं का?

एवढ्यावर थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी देखभालीच्या वह्या काढल्या. टायर, ट्यूब, बॅटऱ्या, क्लच प्लेटा, कर, विमा. 47 वर्षांची बेरीज करायला घेतली, अर्धा खर्च धाकट्याच्या वाट्याला घालून वजा करावा म्हणून. 1994 पर्यंत आलो आणि पेन खाली ठेवलं. टायर झिजले ते कोणाच्या शाळेच्या वाटेवर? त्याने वर्षाला दोन चकरा मारल्या, मारुती मंदिरापर्यंत. भाडं धरलं असतं तर मीच त्याचं देणं लागलो असतो.

मग ठरवलं. केस फुटली ती माझ्या विसरण्याने. त्याने गाडीत अर्धा वाटा घेतला होता तो मूळ इंजिनाच्या गाडीत. त्याची किंमत मी कमी केली, तर त्या कमी झालेल्या किमतीचा तोटा भावजयीने का सोसावा? 1 लाख 15 हजारांचे अर्धे, 57,500. चेक लिहिला आणि एसटीने चिपळूणला गेलो. सौ.ला सांगितलं होतं. ती म्हणाली, "योग्य आहे. पण मग पडवी?" मी म्हटलं, पडवी राहू दे.

भावजयीने पोहे केले. मी चेक पुढे ठेवला आणि हे सगळं तिला सांगितलं, मिस्त्री, चुंबक, नंबर, 75 आणि 115. इंजिनाचं सांगताना ती मध्येच म्हणाली, "दादा, त्या इंजिनाचे पैसे ह्यांनी कुठून आणले माहीत आहे तुम्हाला?"

मला वाटलं होतं पगारातून.

"माझी पाटली गहाण ठेवली होती. दोन वर्षांनी सोडवली."

मी म्हटलं, "अगं, मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. रागाने नाही, पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाली.

माझे ‘बाकीचं नंतर बघू’चे 300 रुपये 37 वर्षं राहिले होते. 2,600 चे अर्धे 1,300, दिले हजार. आणि खरं म्हणजे चूक माझी, तर पूर्ण 2,600 माझेच. मी खिशात हात घातला तर ती म्हणाली, "आता ते नका काढू, नाहीतर मला व्याज लावावं लागेल." साडूंचं 7 का 8 टक्के मला आठवलं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

चेक तिने घेतला. नको-नको केलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. वायरिंगवाल्याला देते म्हणाली. डब्यात ठेवला, डबा कपाटात, वरच्या खणात. पुरानंतर त्या घरात सगळं महत्त्वाचं वरच्या खणात असतं. गाडी चिपळूणला असती तर 2021 ला गेलीच असती, असं मी सहज म्हटलं. ती म्हणाली, "हो ना. ह्यांनीही पुराच्या दुसऱ्या दिवशी तेच म्हटलं होतं. गाडी दादाकडे आहे ते बरं झालं."

निघताना दारात म्हणाली, "आता गाडी तुमची एकट्याची झाली हं, दादा."

कागदावर ती 1978 पासून माझी एकट्याचीच आहे. तरी परतीच्या एसटीत हातखंबा येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. तिला (आणि ती हे वाचणार आहे, तिचा मुलगा फोनवर वाचून दाखवतो) एवढंच सांगतो की मे महिन्यात मुलांना घेऊन ये. एक चक्कर तिच्या मुलाने मारायची, मारुती मंदिरापर्यंत. पाटलीचा हिशोबही तेव्हा बसून करू, साडूंनाही बोलावतो.

तोपर्यंत गाडी चालती ठेवायला हवी. रविवारी शेजारचा मुलगा येऊन किक मारून देतो म्हणालाय. पेट्रोलमध्ये ऑइल घातलंय का ते मी सकाळपासून दोनदा बघून आलो.